मुलांना स्की शिकवायचंय? आधी खेळ ठरवा

गुलमर्ग, औली किंवा सोलांगची सहल ठरली की पालकांकडून तेच ते प्रश्न येऊ लागतात. मुलगी सहा वर्षांची आहे, तिला जमेल का? प्रशिक्षक लावावा की आपणच हात धरून शिकवावं? आणि दहा मिनिटांत तिनं रडून गोंधळ घातला तर भाड्यानं घेतलेल्या सामानाचं काय करायचं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातच दडलेली आहेत. पहिल्या दिवशी रडणाऱ्या मुलांना थंडीपेक्षा सूचनांचा त्रास जास्त होतो. ‘गुडघे वाकव’, ‘वजन पुढे घे’, ‘मागे झुकू नकोस’ ही वाक्यं मोठ्यांना समजतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला आपलं वजन कुठे आहे हेच सांगता येत नाही. पण खेळात गुडघे वाकवावे लागले तर ते आपसूक वाकवतं. म्हणून स्कीच्या प्रत्येक कौशल्यासाठी एकेक खेळ हाताशी ठेवा. बहुतेक खेळ तुमच्या मुलांना अंगणात, नाहीतर शाळेच्या मैदानावर आधीच खेळून माहीत आहेत.

वय, महिना आणि उतार

स्वित्झर्लंडमधल्या स्की शाळा तीन-चार वर्षांच्या मुलांनाही घेतात, पण ती मुलं बर्फातच वाढलेली असतात. मुंबई-पुण्याहून थेट जाणाऱ्या मुलासाठी पाच-सहा वर्षं हे सुरुवातीचं सोयीचं वय. वाढदिवसाच्या तारखेपेक्षा तीन गोष्टी तपासा. मूल दोन्ही पायांवर आलटून पालटून लंगडी घालतं का? हातमोजे स्वतः चढवतं का? ‘थंडी वाजतेय’ किंवा ‘शू लागली’ हे अनोळखी माणसाला सांगू शकतं का? तिन्हींना ‘हो’ असेल तर निघा. नसेल तर यंदा घसरगाडी आणि बर्फाचे गोळे पुरेत. स्की पुढच्या वर्षी.

महिन्याचं गणित महाराष्ट्रातल्या पालकांना अवघड जातं. मे महिन्याच्या सुट्टीत शिकाऊ उतारांवरचा बर्फ गेलेला असतो, मार्चमध्ये परीक्षा असतात आणि नाताळात बर्फाचा थर अनेकदा पातळ असतो. काश्मीरमधली कडाक्याच्या थंडीची चाळीस दिवसांची ‘चिल्लई कलां’ २१ डिसेंबरला सुरू होते. ती संपता संपता, म्हणजे जानेवारीअखेर आणि फेब्रुवारीत, बर्फ मिळण्याची आशा सगळ्यात जास्त. शाळेतून चार दिवसांची रजा घ्यायचीच असेल तर ती या काळात घ्या.

उतार निवडताना नजर खाली ठेवा. शिकाऊ उताराच्या पायथ्याशी सपाट जागा हवी, आणि त्यापुढे किंचित चढ असेल तर फारच उत्तम, कारण तिथे ब्रेक न लावताही मूल आपोआप थांबतं. पहिल्या दिवशी मुलाला आपण थांबतो हा विश्वास मिळाला की निम्मं काम झालं. गुलमर्गला गावाजवळच्या मैदानालगत असे उतार आहेत. गोंडोला म्हणजे केबल कार बघून मोहात पडू नका. तिचा दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या बाजूला सुमारे ३,९५० मीटर उंचीवर नेतो आणि तिथले उतार नवशिक्यांसाठी नाहीतच.

उंचीचाही विचार करा. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे. समुद्रसपाटीवरून विमानानं श्रीनगरला आणि तिथून त्याच दिवशी वर आलेल्या मुलाचं डोकं दुखू शकतं, उलटी होऊ शकते. पहिला दिवस स्कीविना घालवा, पाणी पाजत राहा. डोकेदुखी आणि उलटी थांबत नसेल, मूल सुस्त पडत असेल, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरा आणि डॉक्टरांना दाखवा.

भाड्याच्या दुकानात घाई नको

सहल बिघडते ती बहुतेक वेळा इथे. दुकानदाराला गिऱ्हाईक उरकायचं असतं आणि मुलाला कधी एकदा बर्फात पळतो असं झालेलं असतं. तुम्ही मात्र वेळ घ्या.

- बूट: स्कीच्या बुटाचं माप पावलाच्या लांबीवर, सेंटिमीटरमध्ये असतं. घरून पाऊल मोजून न्या. बूट घालून ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवले की सुटावीत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. ‘वाढत्या पायाचा’ बूट इथे चालत नाही.
- मोजे: एकच जोडी, लांब आणि लोकरीची किंवा सिंथेटिक. दोन-तीन जोड्या चढवल्या की पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात.
- स्की: नवशिक्या मुलासाठी उभी धरल्यावर छाती आणि हनुवटी यांच्या दरम्यान येईल इतकीच लांब.
- बाइंडिंग: बूट आणि स्की यांना जोडणारा खटका. पडल्यावर तो सुटला पाहिजे, म्हणून तो मुलाचं वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळाची लांबी पाहून लावायचा असतो. दुकानदारानं वजन न विचारताच स्की हातात दिली तर तुम्हीच वजन सांगा आणि समोर उभं राहून खटका लावून घ्या.
- हेल्मेट आणि गॉगल: हेल्मेट स्कीचंच हवं, सायकलचं किंवा क्रिकेटचं नको. ते नसेल तर त्या दिवशी स्की नको.
- काठ्या: सुरुवातीला देऊच नका. हात मोकळे असले की मूल पायांकडे लक्ष देतं, शिवाय खेळही खेळता येतात.

लोंबता मफलर घरीच ठेवा. दोरीच्या किंवा पट्ट्याच्या लिफ्टमध्ये तो अडकू शकतो. गळ्याभोवती बसणारी कापडी नळी घ्या. सुती कपडे अंगालगत घालू नका, आणि लोकरीचे हातमोजे बर्फात भिजतात म्हणून पाणी न शिरणाऱ्या हातमोज्यांच्या दोन जोड्या ठेवा.

पहिला तास: पायात फक्त बूट

स्की बाजूला रोवून ठेवा. जाडजूड, न वळणाऱ्या बुटात चालणं हाच मुलांसाठी मोठा बदल असतो.

*शिवाजी म्हणतो.* सगळ्यांना माहीत असलेला खेळ. ‘शिवाजी म्हणतो उडी मारा’, ‘शिवाजी म्हणतो एका पायावर उभे राहा’, ‘शिवाजी म्हणतो नडगीनं द्राक्ष चिरडा’. हे द्राक्ष म्हणजे नडगी आणि बुटाची जीभ यांच्यामध्ये ठेवलेलं काल्पनिक द्राक्ष. ते चिरडायचं तर घोटा पुढे वाकवावाच लागतो. स्कीवर उभं राहण्याची खरी ढब तीच, आणि पुढचे सगळे दिवस ‘द्राक्ष!’ एवढी एक हाक पुरते. ‘मागे झुकू नकोस’ असं पन्नासदा ओरडून जे होत नाही, ते यानं होतं.

*बदक आणि खेकडा.* बदकासारखे पंजे बाहेर काढून चढ चढायचा, खेकड्यासारखं आडवं चालत चढायचं आणि उतरायचं. पुढे स्की चढवल्यावर चढ चढण्याच्या याच दोन रीती आहेत, त्या आधी बुटांवर झालेल्या बऱ्या.

दुसरा तास: एक स्की, मग दोन

*लंगडी.* एका पायात स्की, दुसऱ्या पायानं ढकलायचं आणि तो पाय उचलून जितकं घसरता येईल तितकं घसरायचं. सपाट जागेवर एक वर्तुळ काढा आणि त्याभोवती फेऱ्या घालू द्या. नंतर पाय बदला. तोल सांभाळणं आणि घसरण्याची भीती जाणं, दोन्ही यातून होतं. खेळांपैकी एकच निवडायचा झाला तर मी हा निवडेन, कारण पालक बहुधा तो गाळून थेट दोन्ही स्की चढवतात आणि मग दिवसभर मुलाला बखोटीला धरून उभं करत राहतात.

*धपकन.* तुम्ही ‘धपकन’ म्हणालात की सगळ्यांनी कुशीवर, चढाच्या बाजूला पडायचं. मागे बसकण मारायची नाही आणि हात टेकायचे नाहीत. मग कोण आधी उठतं ते पाहायचं. उठण्याचं गुपित: दोन्ही स्की उताराला आडव्या आणि अंगाच्या खालच्या बाजूला हव्यात. स्कीची टोकं उताराच्या दिशेनं राहिली तर मूल उठता उठताच निघून जातं. स्वतःच्या मर्जीनं दहा वेळा पडलेलं मूल अकराव्यांदा चुकून पडल्यावर रडत नाही.

*टाळी देत चला.* अगदी कमी उतारावर सरळ घसरताना तुम्ही बाजूला उभे राहून हात पुढे करा. आधी खांद्याच्या उंचीवर टाळी, मग कमरेच्या, मग गुडघ्याच्या. खालची टाळी द्यायला वाकावंच लागतं. पुढची पायरी म्हणजे घसरता घसरता डोकं, खांदे, गुडघे यांना हात लावणं आणि छोट्या उड्या मारणं.

थांबायला शिकणं

टोकं जवळ, मागचा भाग फाकवलेला, अशी स्कीची त्रिकोणी ठेवण म्हणजे ब्रेक. प्रशिक्षक तिला स्नो-प्लाऊ म्हणतात, मुलांशी बोलताना पिझ्झा. तुम्हीही पिझ्झाच म्हणा. म्हणजे तुमचा शब्द आणि प्रशिक्षकाचा शब्द वेगळा राहत नाही.

*लाल दिवा, हिरवा दिवा.* हिरव्याला सरळ स्की, पिवळ्याला छोटा पिझ्झा, लालला मोठा. पिवळा दिवा गाळू नका. वेग कमी करणं हे पूर्ण थांबण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

*स्टॅच्यू.* तुम्ही पाठ फिरवून उभं राहायचं, वळलात की मुलांनी जागच्या जागी थांबायचं. जो हलला तो बदकाच्या चालीनं चार पावलं वर जाईल. शिक्षेतही सराव होतो.

*गाडी गॅरेजमध्ये.* बर्फावर चार हातमोजे ठेवून चौकोन करा. त्याच्या आत येऊन थांबायचं. जमलं की चौकोन लहान करत जा.

*गोगलगायीची शर्यत.* सर्वांत शेवटी पोचणारा जिंकला, मात्र पूर्ण थांबायचं नाही. लवकर वेग पकडणाऱ्या धीट मुलांना हाच खेळ लावा. अशी मुलं सरळ खाली सुटतात, मोठी माणसं टाळ्या वाजवतात आणि ब्रेक कच्चा राहतो.

पिझ्झा जमत नसेल तर दोन्ही स्कीची टोकं जोडणारी रबरी क्लिप मिळते. ती वापरायला हरकत नाही, पण काही फेऱ्यांनंतर काढून पाहत चला. तिची सवय लागली की पायांना काम उरत नाही.

वळायला शिकणं

इथे तुम्हाला एकच तत्त्व माहीत हवं. डावीकडे वळायचं तर उजव्या पायावर वजन, उजवीकडे वळायचं तर डाव्या पायावर. बाहेरचा पाय वळवतो. मुलाला हे सांगू नका, खेळात घाला.

*विमान.* दोन्ही हात पसरायचे. डावीकडे वळताना उजवा पंख खाली, पार गुडघ्यापर्यंत. मुलं आपसूक उलटा पंख झुकवतात, कारण सायकलवर तसंच वळायची सवय असते. म्हणून पहिल्यांदा उभ्या जागी करून घ्या. पंख जमत नसेल तर त्या बाजूचा गुडघा हातानं दाबायला सांगा.

*खो-खोची एकेरी साखळी.* बसलेल्या दोन खेळाडूंच्या मधून नागमोडी पळायचं हे खो-खो खेळणाऱ्या मुलाला शिकवावं लागत नाही. टोप्या आणि हातमोजे पाच-सहा मीटरच्या अंतरानं ठेवा, हे बसलेले खेळाडू. त्यांच्यामधून वळत खाली यायचं. सुरुवातीला ते उताराच्या जवळजवळ सरळ रेषेत ठेवा, मग एकेक डावी-उजवीकडे सरकवा, म्हणजे वळण मोठं घ्यावं लागेल. दगड, काटक्या, बाटल्या खुणेला ठेवू नका. मूल त्यावर पडणार आहे असं धरूनच वस्तू निवडा.

*आगगाडी.* इंजिन मोठ्या माणसाचं, मागे डबे. इंजिन जिथे वळेल तिथेच सगळे वळतील, दोन डब्यांत चार-पाच मीटर अंतर. वळणाचा आकार मुलं नुसतं पाहून उचलतात.

विषामृत आणि साखळीसारखे पकडापकडीचे खेळ मुलांना फार आवडतील, पण ते सपाट जागेवरच आणि ज्यांना थांबता येतं त्यांच्यातच. उतारावर पकडापकडी नको. लपंडाव तर कुठेच नको. झाडांच्या बुंध्याभोवती भुसभुशीत बर्फाचे खड्डे असतात आणि त्यात पडलेलं मूल दिसत नाही.

उताराचे नियमही खेळाचेच नियम

आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं उतारावरच्या वागण्याचे दहा नियम केले आहेत. लहान मुलाला त्यातले तीन पुरतात. पुढे असलेल्या माणसाचा मान पहिला, मागून येणाऱ्यानं त्याला चुकवायचं. थांबायचं तर कडेला, मधोमध नाही. निघण्यापूर्वी वर बघायचं, कोणी येत नाही ना. नियम मोडला की एक डाव बाहेर, हे आधीच सांगून ठेवा.

मूल अडून बसलं तर

पहिल्यांदा शरीर तपासा: हात ओले आहेत का, बुटाची कडी नडगीत रुतते का, भूक लागली आहे का. बहुतेक हट्ट इथेच सुटतो. तरीही नको म्हणत असेल तर स्की काढा आणि बर्फाचा किल्ला करा. दिवाळीत किल्ला करणाऱ्या मुलांना ते सांगावं लागत नाही. अर्ध्या तासानं तटाला लंगडीनं फेरी घालायचं आमंत्रण द्या. ‘एवढे पैसे भरलेत’ हे वाक्य उच्चारू नका.

थकव्याकडेही लक्ष ठेवा. एकाच बाजूला पुन्हा पुन्हा पडणं, मागे झुकणं, एरवी बडबडणारं मूल गप्प होणं ही थांबण्याची वेळ. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी पाऊण तास बर्फात, मग ऊब आणि खाऊ, मग पुन्हा पाऊण तास. दिवसाला एवढं पुष्कळ झालं.

पालक की प्रशिक्षक?

तुम्हाला स्वतःला स्की येत नसेल तर बूट आणि एका स्कीचे खेळ तुम्ही घ्या. उतार सुरू झाला की प्रशिक्षक हवा. तुम्ही बुटांवर धावत मुलाच्या वेगाला पुरे पडणार नाही. स्की येत असली तरी मुलाच्या कमरेला पट्टा बांधून मागून धरण्याची पद्धत शक्यतो टाळा. मूल त्या पट्ट्यावर रेलतं आणि मागे झुकायलाच शिकतं.

गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था आहे, औलीला गढवाल मंडळ विकास निगम स्कीचे अभ्यासक्रम चालवतं, आणि मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था सोलांगला शिकवते. अशा अभ्यासक्रमांना वयाची अट आणि ठरलेल्या तारखा असतात, त्या सहलीच्या आधीच विचारा. औलीला जाणार असाल तर लक्षात ठेवा: जोशीमठहून येणारा रोपवे जमीन खचल्यामुळे जानेवारी २०२३ मध्ये बंद करावा लागला होता. सध्याची स्थिती विचारून गाडीची तजवीज ठेवा.

खाजगी प्रशिक्षक ठरवताना विचारा: प्रशिक्षण कुठे घेतलं, प्रमाणपत्र दाखवता का, एका वेळी किती मुलं घेता, लहान मुलांना याआधी शिकवलं आहे का. लहान वयात एकाकडे तीन-चार मुलांपेक्षा जास्त नकोत. मराठी शाळेतल्या मुलाला हिंदीतल्या भरभर सूचना कळणार नाहीत. म्हणून तुमचे खेळ प्रशिक्षकाला आदल्या दिवशी दाखवा. ‘द्राक्ष’ आणि ‘विमान’ हे दोन शब्द तो आनंदानं उचलतो.

पैसे, पावती आणि तुमचे हक्क

- सामानाचं भाडं, प्रशिक्षकाची फी आणि लिफ्टचं तिकीट हे तीन वेगळे खर्च. ‘सगळं मिळून’ असा आकडा सांगितला तर त्यात काय धरलं आहे ते लिहून घ्या. तास किती, तेही.
- शासकीय दरपत्रक लावलेलं असेल तर त्याचा फोटो काढा.
- बूट चावत असेल तर त्याच दिवशी बदलून मागा. हे भाडं ठरवतानाच बोलून घ्या. घेताना सामानाचे ओरखडे मोबाइलवर टिपा, म्हणजे परत करताना नुकसानभरपाईचा वाद होत नाही.
- मुलाला झेपत नाही म्हणून तास मध्येच थांबवला तर किती पैसे परत मिळतील, हे आधी ठरवा.
- पावतीशिवाय तक्रार टिकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सेवांनाही लागू आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.
- प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेले असू शकतात. स्कीचं नाव पॉलिसीत आहे का, ते शब्दशः वाचा.
- जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरची प्रीपेड सिमकार्डं चालत नाहीत. निदान एक पोस्टपेड फोन बरोबर हवा. आणीबाणीसाठी ११२.

बर्फच पडला नाही तर

आता ही शक्यता दूरची राहिलेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग बराच काळ कोरडं होतं, आणि २०२५ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तिथला टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. म्हणून हॉटेल आणि प्रशिक्षक ठरवताना तारीख बदलण्याची मुभा मागा, आणि सगळी रक्कम आगाऊ भरू नका.

मे महिन्याची सुट्टीच हाताशी असेल आणि दुबईत नातेवाईक असतील तर तिथलं २००५ पासून चालू असलेलं बंदिस्त ‘स्की दुबई’ हा एक पर्याय आहे. लहान मुलांचे वर्ग तिथे वर्षभर असतात. उंचीचा त्रास नाही, हवामानाची चिंता नाही. खर्च मात्र आधी विचारून घ्या. सहल होईपर्यंत घरी इनलाइन स्केट्सवर पिझ्झासारखे पाय फाकवून थांबण्याचा सराव करता येतो. हेल्मेट आणि गुडघ्यांची कवचं तिथेही लागतील.